कोकणातल्या कौलारू घराच्या माळ्यावर जायची सोय कशी करावी?

झोपाळा_पडवीतला

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात आमचं जुनं घर आहे. जांभ्याच्या भिंती, दुपाखी म्हणजे दोन उतारांचं छप्पर, वर मंगलोरी कौलं. माजघरावर पूर्ण तक्तपोशी, म्हणजे तुळयांवर फळ्यांचं छत आहे, त्यामुळे वर ऐसपैस माळा आहे. आढ्याखाली माणूस ताठ उभा राहतो. वर जायला माजघराच्या कोपऱ्यात एक झडप आहे, साधारण दीड फूट बाय दोन फूट. बाबा तिला बांबूची शिडी लावून चढायचे. बाबा गेले, शिडी वाळवीने खाल्ली, आणि आता माळ्यावर कोणी चढतच नाही.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात पश्चिमेकडची बरीच कौलं उडाली होती. ती बाहेरून बसवून घेतली, पण आतून कोणी बघितलं नाही. यंदाच्या पावसात माजघराच्या तक्तपोशीवर पाण्याचे डाग उमटले आहेत. वायरिंगचे जोडही वरच आहेत. वायरमन येतो, झडपेकडे बघतो आणि "शिडीची सोय करून बोलवा" म्हणून परत जातो.

आई बहात्तर वर्षांची आहे, गावी एकटी राहते. तिने चढावं अशी अपेक्षा नाही. पण ज्याला चढायचं आहे त्याला न घाबरता, हातात हत्यारं घेऊन वर जाता यावं एवढी वाट मला करायची आहे. मी पुण्यात असतो, दिवाळीनंतर जाऊन काम करून घेईन.

जमिनीपासून तक्तपोशी नऊ फुटांवर आहे. तुळया अडीच अडीच फुटांवर, पाच इंच जाडीच्या. कायमचा जिना करावा, घडीची तयार शिडी बसवावी, की बाहेरून त्रिकोणी भिंतीत दार पाडावं? झडप मोठी करायची तर तुळई कापावी लागेल का?

खाडीकाठ

चांगला धागा काढलात. आमच्या गुहागरच्या घरात हेच झालं होतं. माळ्यावर जाणं अवघड म्हणून कोणी गेलं नाही, कोणी गेलं नाही म्हणून एक फुटलेलं कौल दोन पावसाळे तसंच राहिलं, आणि शेवटी त्याच्याखालचे दोन वासे आणि रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) बदलाव्या लागल्या. कौल बदलणं हे दहा मिनिटांचं काम होतं.

आतून माळ्यावर उभं राहिलं की फुटकं कौल आतूनच बदलता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वरच्या ओळीतलं कौल हाताने थोडं उचलायचं, फुटकं सरकवून काढायचं, नवं त्याच फटीतून रिपेवर बसवायचं. हात पोचतो तिथपर्यंत छपरावर पाय ठेवायची गरजच नाही. पावसात शेवाळलेल्या कौलांवर माणूस चढवणं म्हणजे जिवाशी खेळ. गावात दरवर्षी कोणी ना कोणी पडतं. त्यामुळे माळ्याची वाट हा मला सगळ्या घरदुरुस्तीतला पहिला खर्च वाटतो.

नवे_बांधकाम

एवढा खटाटोप करण्यापेक्षा छप्पर उतरवून स्लॅब टाका. आमच्याकडे निसर्गनंतर कित्येकांनी पत्रे घातले किंवा स्लॅब टाकला. गळतीची कटकटच मिटते.

रंधा

माझं घराणं सुतारकामातलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी स्लॅबबद्दल. चिखलात बांधलेल्या जांभ्याच्या भिंती कौलारू छपराचं वजन पेलायला बांधलेल्या असतात. त्यांच्यावर स्लॅब टाकायचा तर आतून खांब-बीम उभे करावे लागतात, म्हणजे घर नव्यानेच बांधणं आलं. पत्रा हलका असतो, पण एप्रिल-मे महिन्यात माळा भट्टीसारखा तापतो आणि तक्तपोशीतून ती धग खाली उतरते. कौलांच्या फटींतून हवा खेळते, ते सुख पत्र्यात नाही. घर धड असेल तर छप्पर बदलू नका.

आता मूळ प्रश्न. तुळई कापायची नाही, आणि तुमच्या घरात कापायची वेळही येणार नाही. तुळया मध्य ते मध्य अडीच फूट आणि जाडी पाच इंच, म्हणजे दोन तुळयांमधला मोकळा खण पंचवीस इंचांचा झाला. माणूस खांद्यासकट चढायला हे पुरेसं आहे. तुमची झडप अडचणीची आहे ती रुंदीमुळे कमी आणि लांबीमुळे जास्त. दोन फूट लांबीच्या भोकातून सरळसोट उभी शिडीच जाते, कलती शिडी लावली की डोकं फळीला आपटतं. म्हणून झडप तुळईच्या दिशेने लांबवा. चार फूट करा. त्यात फक्त तक्तपोशीच्या फळ्या कापल्या जातात, वजन पेलणारं काही कापलं जात नाही. कापलेल्या फळ्यांची टोकं खाली झुकू नयेत म्हणून भोकाच्या दोन्ही आखूड बाजूंना, एका तुळईपासून दुसरीपर्यंत, तीन बाय दोनची आडवी पट्टी खाचेत बसवून घ्या.

जिन्याचं गणित असं. नऊ फूट उंचीला ६० अंशांचा कल दिला तर जिन्याचा पाय साधारण सव्वापाच फूट पुढे येतो. नऊ इंचांच्या बारा चढणी होतात. चार फुटांच्या झडपेतून चढताना डोक्यावर साडेसहा फुटांच्या आसपास मोकळी जागा मिळते. असा जिना उभट असतो, त्यामुळे उतरतानाही तोंड पायऱ्यांकडेच ठेवून उतरायचं, पाठ करून नाही. पायऱ्या गोल दांड्यांच्या नकोत, चांगल्या चार-पाच इंच रुंद चपट्या फळ्यांच्या हव्यात. पाय दुखत नाही आणि हातात कौल घेऊन चढता येतं.

तुळया माजघराच्या कोणत्या दिशेने आहेत? आणि जिन्याचा पाय जिथे येईल तिथे दार आहे का?

झोपाळा_पडवीतला

रंधा, मनापासून आभार. झडप लांबवायची, रुंदवायची नाही, हे डोक्यातच आलं नव्हतं.

तुळया ओटीकडच्या भिंतीपासून स्वयंपाकघराकडच्या भिंतीपर्यंत आहेत आणि झडप ओटीकडच्या कोपऱ्यात आहे. म्हणजे जिना स्वयंपाकघराच्या दिशेने उतरणार. आईला फोन करून मोजायला सांगितलं. जिन्याच्या पायापासून स्वयंपाकघराचा उंबरठा सव्वा फूटच उरतो. तिथे कायमचा जिना आला तर येता-जाता अडचण. शिवाय आई म्हणाली की गणपतीचं मखर त्याच भिंतीशी असतं, ते ती हलवू देणार नाही.

रंधा

आई बरोबर सांगतायत. जिन्याच्या पायथ्याशी माणसाला नीट उभं राहून पाय टाकायला निदान अडीच फूट मोकळे हवेत. सव्वा फुटात कायमचा जिना करू नका. मग लावायचा-काढायचा जिना करा. त्याबद्दल पुढे लिहितो, आधी बाकीच्यांचं ऐकू.

देवगडची

बाहेरून दार पाडायचा विचार मीही केला होता. आमचं छप्पर चौपाखी, त्यामुळे त्रिकोणी भिंतच नाही, तो विषय तिथेच संपला. तुमचं दुपाखी आहे म्हणून शक्य आहे, पण दोन गोष्टी बघा. पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या भिंतीत दार नको, पावसाचा मारा थेट आत येईल. आणि बाहेरचा लोखंडी जिना समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत असेल तर दर वर्षी खरवडून रंग द्यावा लागतो, नाहीतर वेल्डिंगचे सांधे आधी जातात. वरून दिसतं चांगलं, पायरी मात्र आतून गंजलेली असते.

शिवाय आई एकटी राहते. बाहेरून माळ्यावर आणि माळ्यावरून घरात अशी दुसरी वाट तयार होते, तिला आतून कडी लावायची तर परत माळ्यावर चढायलाच हवं. मी असते तर आतूनच केलं असतं.

फेज_न्यूट्रल

वायरिंगवर लिहितो, कारण माळ्यावर होणारे खरे अपघात दोनच, पडणं आणि शॉक.

पहिल्यांदा चढाल तेव्हा मेन स्विच बंद करून चढा, बॅटरी कपाळाला बांधायची घ्या म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. जुन्या घरात लाकडी पट्टीवर ठोकलेल्या वायरी असतात, त्यांचं रबर उष्णतेने कडक होऊन तडकतं, आणि उरलंसुरलं उंदीर कुरतडतात. तक्तपोशी ओली असेल तर अशा उघड्या वायरीजवळ हात टेकणं फार धोक्याचं. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक बसताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर माळ्याच्या कामाच्या आधी ती बसवून घ्या, अर्थिंगही तपासून घ्या.

मग वरच्या सगळ्या वायरी पीव्हीसी पाइपात घ्या आणि जोड सुटे न ठेवता झाकणाच्या पेटीत घ्या. ती पेटी झडपेपासून हाताच्या अंतरावर ठेवा, म्हणजे पुढच्या वायरमनला माळाभर रांगायला नको. एक एलईडी दिवा झडपेच्या वर लावा आणि त्याचं बटण खाली माजघरात, जिना जिथे लागेल तिथे. अंधारात चढून मग बटण शोधायचं हे कुठेच नको.

रातवा

वर कोण राहतं तेही बघा. बंद माळा म्हणजे कांडेचोराचं आवडतं घर. रात्री तक्तपोशीवर धावल्याचा आवाज येत असेल, वर फळांच्या बिया असलेली विष्ठा दिसत असेल, तर कांडेचोरच. त्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२चं संरक्षण आहे. मारणं, पिंजरा लावून पकडणं असलं काही स्वतः करू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि तो बाहेर गेला म्हणून लगेच फट बुजवू नका, आधी पिल्लं आहेत का बघा. पिल्लं आत अडकली तर मादी कौलं उचकटून परत येते, आणि आली नाही तर पिल्लं मरतात.

वटवाघळांची लेंडी असेल तर कोरडी झाडू नका. धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाणं वाईट. आधी पाणी शिंपडा, एन-९५ मास्क लावा, मग ओलसर असताना भरून काढा. साप असेल तर बहुतेक वेळा उंदरांमागे आलेली धामण असते, ती बिनविषारी. तरी ओळख पटेपर्यंत हात लांब ठेवा. जुन्या गोणपाटात, लाकडाच्या ढिगात थेट हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं.

माधुकरी

रातवा यांच्या यादीत मधमाश्या घाला. माळ्याच्या अंधारात पोळं असेल तर ते बहुतेक सातेरी माशीचं असतं, कारण आग्या माशी मोकळ्यावर पोळं बांधते आणि सातेरी ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात. सातेरी ही आपल्याकडे पेटीत पाळली जाणारी माशी. ती जाळू नका, धूर करून मारू नका. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथे शिकलेले मधपाळ कोकणातही आहेत. ते पोळं राणीसकट पेटीत उतरवून नेतात. आंबा-काजूच्या बागायतीत ती पेटी उपयोगीच पडते.

चुलीपाशी

मी वयाने तुमच्या आईएवढीच आहे. आमच्या लहानपणी माळ्यावर जाणं हे रोजचंच होतं, त्यासाठी वेगळा विचार करायची वेळ येत नसे. भाताच्या मुड्या वर, नारळ वर, पावसाआधी भरलेली लाकडं वर, लग्नाकार्याची मोठी पातेली वर. दिवसातून एकदा तरी कोणी चढायचंच, त्यामुळे कौल सरकलं की त्याच दिवशी कळायचं. चूल सतत पेटलेली असायची, तिचा धूर माळ्यावरून कौलांतून बाहेर जायचा. तुळया काजळीने काळ्या झालेल्या असायच्या, पण भिरूड, म्हणजे लाकूड पोखरणारी कीड, लागलेली तुळई मी त्या काळात क्वचित पाहिली. गॅस आला आणि माळ्यावरचा धूर गेला, त्याच्या मागोमाग माळ्यावर जाणारी माणसंही गेली.

म्हणून माझं सांगणं, नुसती वाट करून थांबू नका. वर असं काही ठेवा की त्यासाठी चढावं लागेल. दिवाळीचे आकाशकंदील ठेवा, मखराचं सामान ठेवा. वर्षातून चार वेळा कोणी चढलं तरी पुष्कळ.

खाडीकाठ

मावशींचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मखराचं सामान माळ्यावर ठेवणं उत्तम, गणपतीच्या आधी भर पावसात माणूस वर जाईल आणि गळती तेव्हाच दिसेल.

अजून एक. वर गेलात की कौलाच्या पोटावरचा ठसा वाचा आणि फोटो काढून ठेवा. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५मध्ये मंगळूरला काढला, नंतर अनेकांनी काढले, आणि प्रत्येकाच्या खाचा थोड्या थोड्या वेगळ्या. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या शेजारी बसतं असं वाटतं, पण खाच जुळत नाही आणि तिथून पाणी आत येतं. निसर्गनंतर घाईत मिळतील ती कौलं बसवली गेली, तुमची गळती बहुधा तिथेच आहे. पाडलेल्या घरांची जुनी कौलं विकणारे असतात, ठसा दाखवला की तीच शोधून देतात.

झोपाळा_पडवीतला

हे मला सगळ्यात जवळचं वाटतंय, डाग नेमके त्याच पाखीखाली आहेत.

चुलीपाशी मावशी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने लगेच सांगितलं की माझा पाळणा वर आहे, तो कसा आहे ते आधी बघ.

ह्यूस्टनहून

थोडं विषयांतर होतंय, पण माळ्यावर जायचाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. आम्ही टेक्सासमध्ये एक जुनं मोबाइल होम, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणलेलं घर, घेतलं आहे. हॉलच्या छताला ओलीचा डाग आहे. वर बघायला झडप शोधतोय तर घरभर कुठेच नाही. कपाटांत, बाथरूममध्ये, सगळीकडे बघितलं. छताला भोक पाडून झडप करून घ्यावी का?

शार्लटकर

मी नॉर्थ कॅरोलिनात घरतपासणीचं काम करतो. ह्यूस्टनहून, थांबा, भोक पाडू नका.

मोबाइल होमला बहुतेक वेळा माळा नसतोच. छताची पाटी आणि वरचं छप्पर यांच्यात हलक्या लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे असतात, आणि त्या पोकळीत इन्सुलेशन भरलेलं असतं. माणूस जाण्यासाठी ती जागा केलेली नसते, जुन्या घरांत तर ती कडेला काही इंचांचीच उरते. १५ जून १९७६पासून अमेरिकेत ही घरं एचयूडी या गृहनिर्माण खात्याच्या केंद्रीय नियमांनुसार कारखान्यात बनतात. त्यातल्या कैच्या अगदी हिशेबाने केलेल्या असतात. एक काडी कापली तरी छप्पर बसू शकतं. आणि घरातली दमट हवा वर जाऊ नये म्हणून छताला जो अडथळा केलेला असतो, तो भोक पाडल्यावर फाटतो, मग आत बाष्प साचून नवीनच ओल सुरू होते.

तुमच्या डागासाठी बाहेरून सुरुवात करा. छपरातून वर येणाऱ्या पाइपांभोवतीचं रबर आणि छपराचे सांधे तडकलेत का बघा, गळती बहुतेक तिथेच सापडते. पाणी उतारावरून वाहत लांब जाऊन ठिबकतं, म्हणून डागाच्या बरोबर वरच बघून थांबू नका. आत बघायचंच असेल तर दिव्याच्या पेटीच्या जागेतून वीज बंद करून बारीक कॅमेरा सोडता येतो, किंवा टोकाच्या भिंतीतली हवेची जाळी काढून बघता येतं. जुन्या पत्र्याच्या छपरावर मधोमध चालू नका. तपासणाऱ्यालाच बोलवा.

ह्यूस्टनहून

वाचवलंत. करवत आणून ठेवली होती. आधी छपराचे सांधे बघून घेतो.

नव्या_घरात

शार्लटकर, आमचं घर न्यू जर्सीत आहे, जागेवर बांधलेलं, मोबाइल नाही. आमच्या अ‍ॅटिकची झडप बेडरूमच्या कपाटाच्या छताला आहे. ती इतकी लहान का असते? आणि वर सामान ठेवलं तर चालतं का?

शार्लटकर

तिथल्या घरबांधणीच्या नमुना नियमांत अशा झडपेचं कमीत कमी माप २२ बाय ३० इंच आहे, आणि वर कुठेतरी ३० इंच उंची मिळायला हवी. बांधणारा तेवढंच करून मोकळा होतो, आणि दिसू नये म्हणून कपाटात नाहीतर गॅरेजमध्ये ठेवतो.

सामान ठेवायच्या आधी खाली काय आहे ते बघा. इन्सुलेशनखाली जोइस्ट, म्हणजे छताच्या आडव्या तुळया, दिसत नाहीत, आणि दोन जोइस्टांच्या मध्ये पाय पडला तर तो थेट खालच्या खोलीच्या छतातून बाहेर येतो. पायाखाली प्लायवूड टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका. कैच्यांचं छप्पर असेल तर त्या सामानाच्या वजनासाठी केल्या आहेत का ते विचारा, बहुतेक केलेल्या नसतात. आणि घर १९९०च्या आधीचं असून खड्यांसारखं, चमकदार, राखाडी-तपकिरी इन्सुलेशन दिसलं तर त्याला हात लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून आलेल्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस होतं आणि ती खाण १९९०मध्ये बंद होईपर्यंत तो माल अमेरिकाभर गेला. उन्हाळ्यात दुपारी वर चढू नका, सकाळी लवकर जा.

झोपाळा, तुमच्यासाठी एक माहिती. इथे छताला बसणाऱ्या घडीच्या लाकडी शिड्या मिळतात, त्यांचं नेहमीचं माप साडेबावीस इंच बाय चोपन्न इंच. तुमच्या पंचवीस इंचांच्या खणात अशी शिडी रुंदीला बसेल, झडप मात्र साडेचार फूट लांब करावी लागेल. भारतातही तयार घडीच्या शिड्या विकतात.

देवगडची

घडीची शिडी मी एका होमस्टेत पाहिली आहे. ओढली की खाली येते, छान वाटतं. पण तिच्या स्प्रिंगा आणि बिजागऱ्या खाऱ्या हवेत आखडल्या होत्या, मालकाला दर पावसाळ्यानंतर तेल घालावं लागत होतं. बहात्तर वर्षांच्या बाईने दांडा अडकवून डोक्यावरून शिडी खाली ओढायची, हे मला बरं वाटत नाही. ती अर्धवट सुटली तर अंगावर येईल.

रंधा

सहमत. घडीची शिडी बरंच वजन झडपेच्या चौकटीवर टाकते. तुमच्याकडे ती चौकट जुन्या तुळयांना स्क्रूने धरायची. तुळई आतून कशी आहे हे माहीत नसताना मी ते करणार नाही.

तुळई तपासायची रीत सांगतो. जुनी तुळई मधे चांगली असते, भिंतीत घुसलेलं टोक आधी कुजतं, कारण जांभा पाणी धरून ठेवतो. पेचकस घ्या आणि भिंतीलगत, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीलगत, प्रत्येक तुळईला टोचून बघा. पाव इंच आत सहज गेला तर लाकूड गेलेलं आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, पिठासारखा भुसा आणि बारीक भोकं दिसली तर भिरूड. ठोकल्यावर भरीव आवाज यायला हवा. हे झाल्याशिवाय वर दोघांनी एकदम चढू नका, आणि चालताना तक्तपोशीवर खिळ्यांच्या रांगा दिसतात त्यांवरूनच चाला, त्यांच्याखाली तुळई असते. मधल्या फळ्या पाऊण इंचाच्या असतील तर ओलीने गेलेल्या फळीतून पाय खाली येतो.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. झडप चार फूट लांब करा. झडपेच्या ओटीकडच्या टोकाला तुळईपासून तुळईपर्यंत दीड इंचाचा जाड लोखंडी पाइप किंवा सागवानी दांडा पक्का बसवा. जिना सुटा करा, वरच्या टोकाला दोन्ही बाजूंना आकडे, ते या दांड्यावर अडकतात. जिना घसरूच शकत नाही, कारण तो टेकलेला नसून अडकलेला असतो. खाली पायांना रबर लावा, शेणाने सारवलेली जमीन असेल तर पायाखाली फळी ठेवा. काम नसताना जिना काढून त्याच भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवा टांगायचा. मखराच्या वेळी मागच्या पडवीत न्यायचा. उचलायला दोन माणसं लागतील, पण वायरमन आणि त्याचा पोरगा मिळून लावतात.

झडपेच्या बाजूला वर, तुळईला धरून एक उभा कठडा ठेवा, कमरेएवढा. शिडीवरून माळ्यावर पाय टाकताना हाताला काही धरायला नसतं, आणि पडणारा माणूस बहुतेक तिथेच पडतो.

झोपाळा_पडवीतला

ठरलं. सुटा जिना, वर आकडे, भिंतीवर खुंट्या. आईलाही हे पटलं. तिची एकच अट आहे की झडपेचं झाकण जड नको, कारण मांजर खालून ढकलतं तसं ढकलून उघडणारं झाकण तिने बाबांच्या डोक्यावर आदळताना पाहिलं आहे.

क्रम असा धरतोय. आधी उसनी अ‍ॅल्युमिनियमची शिडी आणून, मेन बंद करून एकदा वर जायचं, तुळया टोचून बघायच्या, कांडेचोर-मधमाश्या बघायच्या, कौलांचे ठसे टिपायचे. मग वायरिंग. मग झडप आणि जिना. पाखीतली कौलं शेवटी, पण शिमग्याच्या आत. काही चुकतंय का?

फेज_न्यूट्रल

आरसीसीबी सगळ्यात आधी, उसन्या शिडीच्याही आधी. ती खालीच बसते, त्यासाठी वर जायला लागत नाही.

खाडीकाठ

कौलं झडपेच्या आधी करा. झडप कापून झाल्यावर अवकाळी आला तर पाणी सरळ माजघरात. आणि पाखी शाकारताना दोन काचेची कौलं बसवून घ्या, एक झडपेच्या वर, एक पश्चिमेच्या टोकाला. दिवसा दिवा लावायला नको.

रंधा

झाकणासाठी जाड फळी नको. सागाची हलकी चौकट आणि वर पातळ मरीन प्लाय. बिजागऱ्या पितळी, भिंतीच्या बाजूला, म्हणजे झाकण उघडल्यावर भिंतीला टेकून उभं राहतं. वर एक आकडी ठेवा ती भिंतीतल्या कडीत अडकवायची, वाऱ्याने झाकण पडणार नाही. जिन्याच्या बाजूच्या पट्ट्या किंजळ किंवा सागाच्या घ्या, आंब्याचं लाकूड घेऊ नका, भिरूड त्यालाच पहिली लागते.

झोपाळा_पडवीतला

क्रम बदलला, आरसीसीबी पहिली, कौलं झडपेच्या आधी. आकडे बाजारात तयार मिळतील का?

रंधा

मिळतात ते पडद्याच्या दांड्याचे असतात, ते घेऊ नका. गावात लोहार असेल तर १६ मिलिमीटरच्या सळईचे वाकवून घ्या, तोंड दांड्यापेक्षा बोटभर मोठं, आणि बाजूच्या पट्टीला आरपार बोल्ट. नुसते स्क्रू नकोत. झालं की गंजरोधक रंगाचे दोन हात द्या. पहिल्या वेळी जिना अडकवलात की खालच्या दोन पायऱ्यांवर उभं राहून जोर देऊन बघा, मगच वर चढा.

चुलीपाशी

आणि पाळणा कसा आहे ते इथे कळवा.